चाळिशीनंतर बासरी शिकताना: पहिला षड्ज लागेपर्यंत

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी एका जत्रेतून बासरी विकत घेतली आणि वर्षभर तिच्याशी झटलो. पुढे गुरुजींनी तिच्यावर चार स्वर वाजवून पाहिले आणि दोष माझ्या फुंकरीइतकाच त्या वेळूचाही असल्याचे सांगितले. म्हणून पेटीशी किंवा तानपुऱ्याशी सूर ताडून पाहिल्याशिवाय पहिली बासरी घेऊ नये. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी रागसंगीतात रुजवलेली लांब बासरी ऐकली की आपल्यालाही तशीच हवीशी वाटते. परंतु पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर ‘सा’ असलेली बासरी सुमारे 75 सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या छिद्रांमधील अंतर नवख्या बोटांना पेलत नाही. सुरुवातीला पांढरी एकची, साधारण अर्ध्या मीटरची बासरी पुरे.

पहिला आठवडा बोटांचा विचारच करू नये. खालचा ओठ फुंकण्याच्या छिद्राच्या अलीकडच्या काठाला असा टेकवावा की छिद्राचा थोडा भाग झाकला जाईल, आणि फुंकर आत न ओतता पलीकडच्या काठावर सोडावी. त्या काठावर हवेची धार दुभंगते, तेव्हाच नळीतील हवा कंप पावू लागते. ओठांमधली फट रुंद राहिली तर सुरापेक्षा वाराच अधिक ऐकू येतो. हे आरशासमोर करावे. चक्कर आल्यास लगेच थांबावे. पहिले काही दिवस ती येतेच, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

आवाज स्थिर झाला की डाव्या हाताच्या तीन बोटांनी वरची तीन छिद्रे झाकावीत; हा षड्ज, म्हणजे सा. खालून एकेक बोट उचलत गेल्यास रिषभ आणि गंधार मिळतात. शुद्ध मध्यमासाठी मात्र पहिले छिद्र अर्धेच उघडावे लागते, कारण सगळी छिद्रे मोकळी केली की त्याहून चढा तीव्र मध्यम वाजतो. याच अर्ध्या छिद्रावर माझे तीन महिने गेले. उजव्या हाताची बोटे एकेक करून ठेवत खाली गेल्यास मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले निषाद, धैवत आणि पंचम येतात. खालचा पंचम फाटत असेल तर जोराने फुंकू नये. बहुधा कुठल्या तरी बोटाखालून हवा गळत असते, आणि बोट आवळून धरण्यापेक्षा त्याचा मांसल भाग छिद्रावर सपाट टेकवल्याने ती थांबते.

रोजच्या अर्ध्या तासातील निम्मा वेळ तानपुरा लावून एकेक स्वर श्वास पुरेल तितका लांबवण्यात घालवावा. गाण्यांची घाई नको, हे मला फार उशिरा पटले.

बासरी उन्हात किंवा मोटारीत ठेवू नये, बांबूला चीर जाते. थंडीच्या पहाटे तिचा सूर उतरलेला असतो. तेव्हा पाचेक मिनिटे वाजवून नळी ऊबदार होऊ द्यावी आणि मगच तानपुरा जुळवावा.