‘जास्त की कमी’ खेळताना आधी एकक वाचा

ठाणे–वाशी लोकलच्या अर्ध्या तासात ‘जास्त की कमी’चे डाव मजेत होतात. एका गोष्टीचा आकडा दिसतो, दुसरीचा त्याहून जास्त की कमी ते सांगायचं; एक चूक आणि डाव खलास.

बहुतेक जण चुकतात ते ज्ञान कमी पडल्यामुळे नाही, तर लेबल न वाचल्यामुळे. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर सुमारे १८.४ लाख, नवी मुंबई ११.२ लाख, पण ठाणे जिल्हा १.११ कोटी, कारण तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता (तो २०१४ मध्ये झाला). म्हणजे नाव ‘ठाणे’च, आकडा सहापट! मिलियन दिसलं की १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, एवढं तोंडपाठच हवं.

मग खुंट्या ठोका, म्हणजे तुलनेसाठी काही पक्के आकडे लक्षात ठेवा. क्षेत्रफळासाठी महाराष्ट्र पुरतो: सुमारे ३.०८ लाख चौ. किमी, इटलीपेक्षा किंचित मोठा, जर्मनीपेक्षा लहान. उंचीसाठी कळसूबाई १,६४६ मीटर, एव्हरेस्ट ८,८४९.

खुंटी नसेल तर दिसणारा आकडा त्या प्रकारात टोकाचा आहे का ते बघा; फारच मोठा असेल तर ‘कमी’ दाबा. ‘महिन्यातले शोध’ (इंटरनेटवर ती गोष्ट महिन्यात किती वेळा शोधली जाते) असा प्रकार असेल तर प्रतिष्ठा विसरा. लोक थोर माणसांपेक्षा हवामान जास्त शोधतात.

आणि दहाची साखळी तुटली म्हणून चिडू नका: दर उत्तर ८०% खात्रीचं असलं तरी सलग दहा बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ११%, ९०% खात्रीला ३५%.