स्कूटरला साइड व्हील बसवताय? या चुका टाळा

साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची जादा चाकं, बसवलेल्या अ‍ॅक्टिव्हा माझ्याकडे येतात त्या बहुतेक एकाच तक्रारीनं: मधलं चाक जागेवर फिरतं, गाडी हलत नाही.

फिटर गाडी मेन स्टँडवर लावतो, मागची तिन्ही चाकं एका पातळीत आणतो, बोल्ट आवळून मोकळा. पण स्टँडवर मागचा शॉकअप सुटलेला असतो. माणूस बसला की तो दबतो आणि कडक स्प्रिंगांची बाजूची चाकं सगळं वजन उचलतात. इंजिनचा जोर मात्र मधल्याच चाकाला.

मागच्या पावसाळ्यात मिरजेतल्या एका मास्तरांचा फोन आला. पोलिओमुळे त्यांच्या दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. गल्लीच्या तोंडाशी बाजूची चाकं खड्ड्याच्या काठांवर आणि मधलं अधांतरी. एक्सलरेटर पिळला की नुसता चिखल उडायचा. दुसरा कुणी उतरून गाडी ढकलेल. मास्तरांना ते जमत नाही म्हणून तर साइड व्हील! मी पोचेपर्यंत पाऊण तास ते भिजत गाडीवरच बसून होते.

म्हणून ज्याची गाडी त्यालाच सीटवर बसवून सेटिंग करतो, कुबड्या-पिशवीसकट, सपाट फरशीवर, टायरांत हवा भरून. बाजूच्या टायरखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून ओढायची. ती अडत अडत निघावी. मधल्या टायरखालची फाटली पाहिजे. याला दोन तास लागतात. ‘अर्ध्या तासात द्या’ म्हणणाऱ्यांची गाडी मी हातात घेत नाही.

साइड व्हीलचं ब्रॅकेट चासीलाच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच घ्या. अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन चाकाबरोबर वरखाली होतं, त्याला काही जोडू नका. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडा. चाकं सरळ आहेत का ते सुतळी ताणून बघा, नाहीतर नवा टायर एका कडेनं खाल्ला जातो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

आरसी बुकात बदलाची नोंद आरटीओकडून करून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची खरी अडचण अपघातानंतर विम्याच्या वेळी होते.

आणि वळण. ही गाडी कलत नाही, हँडलनंच वळवावी लागते. वेगात वळवली तर आतलं चाक उचलतं. दुचाकीची सवय असलेले इथंच फसतात. आठवडाभर मोकळ्या मैदानात आठ काढा, मगच रस्त्यावर या.