लोराचा पल्ला वाढवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर कसा जोडावा

विहिरीची पाणीपातळी किंवा द्राक्षबागेतील हवामान यांच्या नोंदी घरापर्यंत आणण्यासाठी लोरा हे बिनतारी तंत्र सोयीचे ठरते, कारण त्यातील नोड (शेतात बसवलेला, संदेश पाठवणारा सेन्सर) 25 मिलिवॅट इतक्या अल्प शक्तीवर प्रक्षेपण करून बॅटरीवर दीर्घकाळ चालू शकतो. संदेश गळू लागले की अनेक जण नोडलाच अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलची शक्ती वाढवणारे यंत्र, लावतात आणि बॅटरीची बचत हा लोराचा मुख्य गुणच गमावून बसतात. अ‍ॅम्प्लिफायर गेटवेला, म्हणजे नोडचे संदेश झेलणाऱ्या घराकडच्या यंत्राला, जोडावा आणि तोही प्रामुख्याने ऐकण्यासाठी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम गेटवेच्या नोंदीतील आरएसएसआय (सिग्नल किती जोरात पोहोचला) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) हे दोन आकडे पाहावेत. आरएसएसआय उणे 120 डीबीएमच्या (1 मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; आकडा जितका अधिक उणे, तितका सिग्नल क्षीण) आसपास असून एसएनआर उणे 5 पर्यंत घसरत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरचा उपयोग होण्यासारखा आहे. मात्र आरएसएसआय उणे 85 इतका चांगला असूनही एसएनआर शून्याखाली जात असेल, तर जवळपास दुसऱ्या एखाद्या यंत्राचा गोंगाट आहे, आणि अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलइतकाच तो गोंगाटही वाढवील.

त्यानंतर मार्ग तपासावा. लोराच्या 866 मेगाहर्ट्झ वारंवारितेवर 5 किलोमीटरच्या मोकळ्या हवेत सुमारे 105 डेसिबलचा ऱ्हास होतो. साध्या अँटेना आणि 5 डेसिबल गिळणारी केबल धरूनही 25 मिलिवॅटचा सिग्नल गेटवेवर उणे 89 डीबीएमच्या आसपास पोहोचायला हवा, आणि स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती संथपणे पाठवायचा ते ठरवणारा लोराचा आकडा) 7 वर तर उणे 123 पर्यंतचा सिग्नल वाचता येतो. म्हणजे एवढ्या अंतरावर संदेश येत नसतील, तर बहुधा मध्ये टेकडी, झाडी किंवा इमारत आहे. नुसती नजर पोहोचणे पुरेसे नसते. 5 किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण साडेबारा मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. म्हणून आधी अँटेना उंच न्यावी. स्प्रेडिंग फॅक्टर 7 वरून 10 वर नेल्यास साडेसात डेसिबल फुकट मिळतात. मात्र प्रत्येक पायरीला प्रक्षेपणाचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

अँटेना उंच गेली की केबल लांबते, आणि खरी गळती इथेच होते. आरजी-58 जातीची 10 मीटर केबल या वारंवारितेवर सुमारे 5 डेसिबल, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती, वाटेतच संपवते. जाड एलएमआर-400 केबल तेवढ्याच लांबीत दीड डेसिबलही घेत नाही.

एवढे करूनही कमी पडत असेल, तर कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एलएनए, खांबाच्या माथ्यावर अँटेनाजवळच बसवावा. केबलच्या खालच्या टोकाला बसवलेला एलएनए केबलमध्ये आधीच गेलेले परत मिळवू शकत नाही. भारतात 869 मेगाहर्ट्झपासून वरच्या पट्ट्यात मोबाइल टॉवर जोरात प्रक्षेपण करतात आणि लोराचा पट्टा त्याला अगदी खेटून आहे. त्यामुळे अँटेना, मग 865 ते 867 मेगाहर्ट्झचा फिल्टर, मग एलएनए हाच क्रम ठेवावा. फिल्टर नसेल तर टॉवरच्या सिग्नलनेच एलएनए गुदमरतो. 15 ते 20 डेसिबलची वाढ पुरते; अधिक वाढ घेतल्यास जवळच्या नोडचे सिग्नल गेटवेला पेलवत नाहीत.

गेटवेला उत्तरही पाठवायचे असेल, तर साधा एलएनए प्रक्षेपणाच्या वाटेत ठेवू नये, तो जळेल. त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा, प्रक्षेपण सुरू होताच आपोआप मार्ग बदलणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. तो 866 मेगाहर्ट्झसाठीच असल्याची खात्री करावी आणि त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती गेटवेतून त्यात सोडू नये. भारतात या पट्ट्यात परवान्याविना प्रक्षेपकाची शक्ती 1 वॅटपर्यंतच चालते. अतिरेकी जोर दिलेला अ‍ॅम्प्लिफायर 1732 मेगाहर्ट्झवर दुप्पट वारंवारितेचा कचरा टाकतो, जो थेट मोबाइलच्या 1800 पट्ट्यात पडतो; म्हणून प्रक्षेपणाच्या बाजूला लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारिता अडवणारा) आवश्यक आहे.

वीज सोडण्यापूर्वी अँटेना घट्ट जोडलेली आहे ना, हे पाहावे, कारण अँटेनाविना प्रक्षेपण केल्यास अ‍ॅम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. कनेक्टरवर पाणी न शिरणारी रबरी पट्टी गुंडाळावी, खांबाला अर्थिंग द्यावे आणि केबलवर आकाशातील विजेपासून वाचवणारा वीजरोधक बसवावा. शेवटी एक पूर्ण दिवस अ‍ॅम्प्लिफायरसह आणि एक दिवस त्याशिवाय, त्याच नोडचे किती संदेश पोहोचले ते मोजावे. फरक पडत नसेल, तर तो काढून ठेवून अँटेनाची उंची पुन्हा तपासावी.