संभाजीनगरात हॉटेल : पॉइंट वापरू की पैसे देऊ? या चुका टाळा

क्रेडिट कार्डाचे किंवा हॉटेलच्या सदस्य-योजनेचे पॉइंट साचले की माणसाचा हिशोब बिघडतो. गुलमंडीत दहा-वीस रुपयांसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारा माणूस ‘फुकट मिळतेय ना’ म्हणून शहराच्या भलत्याच टोकाची खोली घेतो आणि दोन दिवस रिक्षावाल्यांना पैसे मोजत फिरतो. पॉइंट फुकट नसतात. कुठेतरी खर्च केला म्हणून ते आलेत, आणि दुसरीकडे वापरले असते तर त्यांचे काही रुपये झाले असते. म्हणून आधी जागा ठरवा, मग पॉइंटचा भाव काढा आणि बुकिंगचं बटण शेवटी दाबा. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात.

अ‍ॅपवरचं ‘सिटी सेंटर’ खरं मानणं

अ‍ॅपवर ‘केंद्रापासून 3 किमी’ असं दिसतं. ते अंतर नकाशावरच्या एका टाचणीपासून बहुधा सरळ रेषेत मोजलेलं असतं. ती टाचणी क्रांती चौकात आहे की सिडकोत, हे कोणी पाहत नाही. संभाजीनगरात तर ही टाचणी फारच फसवी ठरते, कारण या शहराचा मध्य कामाप्रमाणे बदलतो. कपडे, दागिने, बस्ता असं काम असेल तर गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट. जिल्हा न्यायालयात काम असेल तर अदालत रोड. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असेल तर जालना रोड. ‘कोर्टाजवळचं हॉटेल’ एवढंच शोधून भलत्याच कोर्टाजवळ उतरलेला पक्षकार सकाळी दहाला घामाघूम होऊन रिक्षा शोधताना दिसतो.

पॉइंट चालतील अशी मोठ्या साखळीची किंवा नावाजलेली हॉटेलं इथे जुन्या शहरात जवळपास नाहीतच. लेमन ट्री, रामा इंटरनॅशनल ही चिकलठाण्याच्या बाजूला, विमानतळाच्या रस्त्यावर. टाटांच्या ताज समूहाचं विवांता सिडकोत, रौजाबागेकडे. रेल्वे स्टेशन मात्र शहराच्या दुसऱ्या अंगाला. विमानाने येऊन शेंद्र्याच्या कंपनीत जाणाऱ्याला चिकलठाणा उत्तमच. तपोवन एक्स्प्रेसने उतरून औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला आलेल्याला तिथली फुकट खोलीसुद्धा महाग पडते.

लेणी पाहायची असतील तर दिशा बघा. अजिंठ्याचा रस्ता हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड असा जातो, अंतर साधारण शंभर किलोमीटर. त्यासाठी सिडको-हर्सूलकडची खोली सकाळचा बराच वेळ वाचवते. वेरूळला नगर नाक्यावरून दौलताबादमार्गे जायचं, साधारण तीस किलोमीटर. तिथे स्टेशन रोड किंवा पदमपुरा बरा. आणि वार आधी तपासा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पॉइंटवर स्वस्त पडलेली रविवारची रात्र घेऊन सोमवारी सकाळी अजिंठ्याला निघालेले पाहुणे दरवर्षी भेटतात.

एक बारीक गोष्ट. जुन्या अ‍ॅपमध्ये हे शहर अजून ‘औरंगाबाद’ नावानेच सापडतं, आणि त्याच नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. पैसे भरण्याआधी राज्य वाचा.

पॉइंटचा भाव न काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, खोलीचा दर 6,000 रुपये आहे. त्यावर 5 टक्के जीएसटी धरून 6,300. हॉटेल त्याच रात्रीसाठी 14,000 पॉइंट मागतंय. 6,300 भागिले 14,000, म्हणजे एका पॉइंटला 45 पैसे. बरा वाटतो ना भाव? आता वजाबाकी सुरू करा. रोख दरात दोघांचा नाश्ता होता, पॉइंटच्या रात्रीत तो सहसा नसतो. पाचशे-पाचशेचा नाश्ता करासकट 1,050. शिवाय पैसे दिले असते तर त्या मुक्कामावर नवे पॉइंट मिळाले असते, त्यांची किंमत 400 धरू. उरले 4,850. आता भाव आला जेमतेम 35 पैसे. तेच पॉइंट बँकेत कार्डाच्या बिलात वळते करून 25 पैसे मिळत असतील तर हॉटेल अजून पुढे आहे. एखाद्या व्हाउचरवर 50 पैसे मिळत असतील तर मुकाट्याने रोख भरा.

बँकेचं वापर शुल्क यात धरायला विसरू नका. पॉइंट वापरण्यासाठी अनेक बँका वेगळी रक्कम लावतात आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी.

कराची पायरीही पाहिली पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते आणि 7,600 ची खोली 8,968 ला. दरात शंभराचा फरक, बिलात 1,093 चा. त्यामुळे पायरीच्या किंचित वर गेलेली रात्र पॉइंटवर घेणं आणि किंचित खालची रात्र रोखीत घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. अर्थात, तुमच्या योजनेत पॉइंटच्या रात्रीत करही येतो का, हे बुकिंगच्या शेवटच्या पानावर पाहून घ्या. आंतरराष्ट्रीय साखळ्यांत तो सहसा येतो. हॉटेलची बाजूही लक्षात ठेवा: 5 टक्क्यांच्या खोलीवर हॉटेलला इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, पण 18 टक्क्यांवर आहे. तरीही 7,600 चा दर सांगणाऱ्या मॅनेजरकडे 7,500 मागून बघायला लाजू नका. तुमचे अकराशे वाचतील, त्याचे शंभर आणि ती वजावट जाईल. तो नाही म्हणू शकतो, पण फोनचे पैसे लागत नाहीत.

सगळे पॉइंट एकाच मापाने मोजणं

काही पॉइंटना ठरलेली किंमत असते. टाटा न्यू अ‍ॅपच्या एका न्यूकॉइनला एक रुपया. अ‍ॅकॉर या हॉटेल साखळीच्या 2,000 पॉइंटला 40 युरोची सूट. असे पॉइंट मोक्याच्या दिवसासाठी राखून काही हाती लागत नाही. खोली महाग झाली तर पॉइंटही तेवढेच जास्त जातात. ते मुदतीच्या आत, गरज पडेल तेव्हा वापरून मोकळं व्हावं.

दुसऱ्या प्रकारात पॉइंटचा भाव रोज वर-खाली होतो. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेने कुठल्या हॉटेलला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ताच 2022 मध्ये काढून टाकला. तेव्हापासून एकाच खोलीला आज एक आकडा, पुढच्या शनिवारी दुसरा. इथे संधी असते ती गर्दीच्या दिवसांत, कारण रोख दर जितका उसळतो तितके पॉइंट दर वेळी उसळत नाहीत. लग्नतिथीला 6,000 ची खोली 9,000 वर गेली, करासकट 10,620 झाली आणि पॉइंट 14,000 चे 18,000 झाले, तर भाव 59 पैसे. साध्या मंगळवारी रोख, दाट लग्नतिथीला पॉइंट.

या दुसऱ्या प्रकारची मोठी नावं मराठवाड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत, हे मान्य करूनच चाललेलं बरं. नांदेड-लातूरच्या माणसाचे असे पॉइंट जमतात घरी आणि खर्च होतात पुण्या-मुंबईत. मुंबईत दवाखान्यासाठी चार-पाच दिवस राहायचं असेल तर बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्यास सर्वांत कमी पॉइंटची एक रात्र माफ होते. चार रात्री घेऊन पाचवी नंतर वाढवली तर ही सवलत हुकते. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले असतील तर आधीच पाच घ्या.

रद्द करण्याच्या अटी न वाचणं

सर्वांत स्वस्त रोख दर बहुधा परत न मिळणारा असतो. पॉइंटचं बुकिंग मात्र मुदतीच्या आत रद्द केलं की पॉइंट सहसा खात्यात परत येतात. ज्याच्या कामाचा दिवस पक्का नाही त्याने पॉइंटकडे झुकावं. खंडपीठातलं प्रकरण बोर्डावर येईल की पुढची तारीख पडेल, हे वकीलसुद्धा छातीठोक सांगत नाही. अशा मुक्कामाला परत न मिळणारा दर घेणं म्हणजे दोन तारखांचे पैसे भरणं.

पहाटेची गाडी, दुपारची चावी

मुंबईहून रात्री निघालेली देवगिरी एक्स्प्रेस पहाटेच स्टेशनात उभी असते. साखळी हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोनला. मधले नऊ-दहा तास लॉबीतल्या सोफ्यावर काढायचे, नाहीतर आदल्या रात्रीचेही पॉइंट मोजायचे. मग एका झोपेची किंमत दुप्पट झाली.

स्टेशन रोडच्या कितीतरी लॉजमध्ये अजून चोवीस तासांचा चेकआउट चालतो. पहाटे पाचला आलात, दुसऱ्या दिवशी पाचला निघा. तिथे ना पॉइंट, ना अ‍ॅपवर चमकणारे फोटो, पण या एका प्रवासापुरतं साधं लॉज मोठ्या हॉटेलला हरवतं. फोन करून दोन प्रश्न विचारा: चेकआउट चोवीस तासांचा की बाराचा, आणि गरम पाणी किती ते किती? सोलरचं गरम पाणी सकाळी नऊनंतर बऱ्याच ठिकाणी कोमट होतं. कार असेल तर पार्किंगही विचारा. जुन्या शहरात ‘पार्किंग आहे’ याचा अर्थ कधीकधी चार दुचाकींपुरती जागा एवढाच असतो.

मुलाचे पॉइंट, आई-वडिलांचा मुक्काम

मुलगा पुण्यात किंवा परदेशात, पॉइंट त्याच्या खात्यात, राहणार आई-बाबा. घरोघरी होतं हे. बुकिंग मुलाच्या नावावर असतं, काउंटरवर आधार कार्ड बाबांचं निघतं, आणि रात्री अकराला फोनाफोनी सुरू होते. काही योजनांत दुसऱ्यासाठी रात्र घेताना पाहुण्याचं नाव वेगळं टाकावं लागतं. ते नाव टाका, मग हॉटेलला थेट फोन करून त्यांच्या पडद्यावर ते दिसतंय का, हे विचारून घ्या. आई-बाबा आणि आजी असे तिघे असतील तर तिसऱ्या माणसाचे पैसे बहुधा वेगळे.

आणखी एक, खोलीचे पैसे झालेले असले तरी मोठी हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. बाबांकडे फक्त रोकड असेल तर ती रोख घेतील का, हे आधी विचारा. शहरातलाच पत्ता असलेलं ओळखपत्र बघून खोली नाकारणारी हॉटेलंही आहेत. घरी लग्नाचे पाहुणे मावत नाहीत म्हणून काकांना जवळच्या हॉटेलात पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कॅलेंडर न पाहणं

गणेश विसर्जनाच्या दिवशी राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून निघणारी मिरवणूक शहागंज, सिटी चौक, गुलमंडी अशी जाते. त्या दिवशी गुलमंडीतल्या हॉटेलपर्यंत गाडी नेण्याचा विचारही करू नका. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीला क्रांती चौकाचं तेच. बीड बायपासला मंगल कार्यालयं आणि लॉन भरपूर. तिथली लग्नसराईतली खोली स्वस्त दिसली तर ती का स्वस्त आहे, हे डीजे सांगेल.

नांदेड आणि लातूरला पॉइंटचा प्रश्न सहसा येतच नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत, पण दसरा-दिवाळी आणि होला मोहल्ल्याला तीही भरतात. लातूरला प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी गंजगोलाईच्या गर्दीत न शिरता ट्यूशन एरियाजवळच खोली बघावी.

पॉइंट आधी हलवणं, खोली नंतर शोधणं

बँकेचे पॉइंट हॉटेलच्या योजनेत पाठवले की परत येत नाहीत. शिवाय जायला कधी मिनिटं लागतात, कधी दिवस. हव्या त्या तारखेला पॉइंटवर खोली दिसते आहे, हे पाहिल्याशिवाय एकही पॉइंट हलवू नका. हलवून ठेवलेले पॉइंट पडून राहिले तर मुदतही संपते. बॉनव्हॉयमध्ये 24 महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात, अ‍ॅकॉरमध्ये 365 दिवसांत.

मुक्काम झाला, पॉइंट आले नाहीत

तिसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर साखळीचे पॉइंट बहुधा मिळतच नाहीत. भांडून उपयोग नाही. थेट हॉटेलच्या साइटवरून केलं असेल आणि दोन आठवड्यांत जमा झाले नसतील तर योजनेच्या अ‍ॅपमधल्या ‘मिसिंग स्टे’ अर्जात अंतिम बिल जोडा. नुसती कार्डाची पावती चालत नाही. बिलावर तुमचं नाव खात्याप्रमाणेच हवं आणि सदस्य क्रमांक छापलेला असेल तर उत्तमच. म्हणून निघताना चावी देण्याआधी काउंटरवर बिल वाचा. क्रमांक नसेल तर तिथल्या तिथे टाकून घ्या आणि बिलाचा पीडीएफ मेलवर मागा. एकदा बाहेर पडलात की त्याच बिलासाठी चार फोन करावे लागतात.