प्रभुभोजनाच्या आधीचा आठवडा कसा घालवावा

अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, असतो. त्याआधी पापांगीकाराची प्रार्थना आपण एका सुरात म्हणतो, आणि 'विचाराने, शब्दाने व कृतीने' हे शब्द जिभेवरून इतके सहज घसरतात की कोणाला कोणता शब्द बोललो, हे आठवायलाही सवड मिळत नाही. बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली ज्या 'स्वस्त कृपे'वर बोट ठेवले, ती अशाच सवयीतून येते: क्षमा हवी, पण पश्चात्ताप आणि प्रभूमागे चालणे नको.

म्हणून त्या आठवड्यातील एका संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि पापांची नव्हे, तर माणसांची नावे लिहावीत. 'मी लोभी आहे' असे लिहिणे सोपे असते. 'वडिलांच्या जमिनीच्या वाटणीत धाकट्या भावाला बांधालगतचा खडकाळ तुकडा दिला' असे लिहिताना पेन अडखळते. जिथे अडखळते तिथेच थांबावे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील वचन आपल्याला पाठ असते, पण ते बहुधा दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी.

वही लिहिण्यापूर्वी लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातील जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट सावकाश वाचावी आणि तिचा क्रम नीट पाहावा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. परतफेड करून कृपा विकत घेता येत नाही. मात्र कृपा घरात आल्यावर जुने हिशोब झाकून ठेवणेही जमत नाही. हा क्रम उलटला की शिष्यत्वाचे कर्मकांड होते, आणि उपास, दशांश, उपासनेची हजेरी यांची मोजदाद सुरू होते.

लिहिलेल्यातील एकच नाव निवडावे. सगळी यादी एकदम निस्तरण्याचा उत्साह सोमवारपर्यंत ओसरतो, हा माझा अनुभव आहे. निवडलेले नाव विश्वासू सोबत्याला सांगावे. जर्मनीतील तेव्हाच्या फिंकनवाल्डे येथील पाळकांच्या प्रशिक्षणगृहात बॉनहोफर आपल्या विद्यार्थ्यांना प्रभुभोजनापूर्वी एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगत, ते याचसाठी, कारण एकांतात कबुली देताना माणूस स्वतःचीच समजूत काढून मोकळा होतो. सोबती मात्र तोंडाचा पक्का असावा. प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली गोष्ट गावभर होते, हे कोणाला ठाऊक नाही?

आपले देणे असते तसे येणेही असते. मत्तयाच्या १८व्या अध्यायातील चाकराला दहा हजार तलांतांच्या कर्जाची सूट मिळाली आणि त्याने शंभर दिनारांच्या येण्यासाठी सोबतच्या चाकराचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, तर एका तलांतात सुमारे सहा हजार दिनार. आपल्या वहीतील येणे या मापाने पाहावे. मात्र ज्याच्यावर अत्याचार झाला आहे, त्याच्यावर क्षमेची सक्ती करण्यासाठी हा दृष्टान्त वापरू नये.

मग शनिवारी भावाकडे जावे. कारणे सांगत बसू नये, 'तुझेही चुकलेच' हे वाक्य घरीच ठेवावे, आणि काय परत करणार आहोत ते स्पष्ट सांगावे. त्याने चहा विचारला नाही, तरी बोललेले पाळावे, आणि रविवारी मंडळीत या भेटीची साक्ष देऊ नये.