फॉरमॅट मारल्यावर ‘डी’चा ‘एफ’ होतो तेव्हा

कॉम्प्युटर सपोर्टच्या कामाला लागलात की लवकरच हा फोन येतो : "विंडोज नवीन टाकलं आणि माझा डी ड्राइव्हच गेला." बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. ‘डी’वर डीव्हीडी ड्राइव्ह किंवा कार्ड रीडर येऊन बसलेला असतो आणि डेटा ‘ई’ नाहीतर ‘एफ’ होऊन खाली सरकलेला असतो. समोरचा माणूस घाबरलेला असतो. आपण माउसला हात लावायच्या आधी नीट बघायचं.

डी, ई, एफ ही अक्षरं त्या त्या पार्टिशनवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या त्या त्या कप्प्यावर, कुठेच लिहिलेली नसतात. कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर, याची नोंद विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, ‘माउंटेड डिव्हाइसेस’ नावाच्या की-मध्ये (कप्प्यात) ठेवतं. डिस्कवर पार्टिशनांचा तक्ता मांडायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआर डिस्कसाठी ही नोंद जेमतेम १२ बाइटची असते : ४ बाइट डिस्कची सही आणि ८ बाइट पार्टिशन कुठून सुरू होतं ते. जीपीटी डिस्क असेल तर पार्टिशनचा युनिक आयडी. नवीन विंडोज कोरी वही घेऊन येतं आणि हजेरी पुन्हा पहिल्यापासून लावतं. जुनी वही फॉरमॅटमध्ये गेलेली असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं फार अवघड नाही.

दुरुस्तीसाठी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथे अक्षरांवर विसंबू नका, साइज आणि नाव बघून पार्टिशन ओळखा. मग ज्याने ‘डी’ अडवलाय त्याच्यावर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘चेंज’, आणि त्याला लांबचं एखादं अक्षर द्या. डीव्हीडीला मी ‘झेड’ देतो, तिथे ती कुणाच्या अध्यातमध्यात नसते. ‘डी’ मोकळा झाला की डेटाच्या पार्टिशनला तो द्यायचा. दोन पार्टिशनांची अदलाबदल करायची असेल तर मध्ये तिसरं अक्षर लागतं : ‘डी’ला आधी ‘टी’ करा, ‘ई’ला ‘डी’, मग ‘टी’ला ‘ई’. काही प्रोग्राम चालणार नाहीत अशी सूचना येते. आपण जुनीच अक्षरं परत देत असू तर बेलाशक ‘येस’ म्हणा. ‘डी’वर पेजफाइल (मेमरीला जोड म्हणून विंडोज वापरतं ती फाइल) ठेवलेली असेल तर ती आधी दुसरीकडे हलवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करून घ्या.

काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये आदेश टाइप करून, काम करायला आवडत असेल तर विंडोजचं डिस्कपार्ट आहेच. ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिलं की सगळी यादी दिसते, ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’पुढे नंबर, मग ‘असाइन लेटर’ला हवं ते अक्षर. मात्र याच डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाचा आदेश आहे, तो अख्ख्या डिस्कची पार्टिशनं उडवतो आणि ‘खरंच करू का’ असंही विचारत नाही. नवख्या माणसाने काही दिवस डिस्क मॅनेजमेंटवरच राहावं, असं माझं मत.

आता धोक्याची जागा. अक्षर दिल्यावर कधी कधी खिडकी उघडते : हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. बरेचदा ते लिनक्सचं पार्टिशन असतं, विंडोजला ते वाचता येत नाही एवढंच. ‘कॅन्सल’ करा आणि अक्षर काढून टाका. १०० एमबीच्या आसपासचं, कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी लागणारं ईएफआय किंवा ‘सिस्टम रिझर्व्हड’ पार्टिशन अक्षर घेऊन माय कॉम्प्युटरमध्ये डोकावत असेल तर त्याचंही अक्षर काढा, पार्टिशन मात्र डिलीट करू नका. बूटची सामग्री तिथेच असते.

आणि विंडोजच ‘सी’ऐवजी भलत्या अक्षरावर बसलं असेल तर? एक्सपीच्या काळात सेटअप चालू असताना कार्ड रीडर जोडलेला राहिला की हे सर्रास व्हायचं. चालू विंडोजमधून सेटअप सुरू करून दुसऱ्या पार्टिशनवर टाकलं तरी होऊ शकतं. डिस्क मॅनेजमेंट हे अक्षर बदलू देत नाही, आणि रजिस्ट्रीतून जबरदस्तीने बदललंत तर सगळे पाथ जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहतात, लॉगिनसुद्धा होईलच असं नाही. अशा वेळी सरळ नव्याने इन्स्टॉल करावं. यूएसबीवरून बूट करायचं, बाकीच्या डिस्क आणि कार्ड रीडर काढून ठेवायचे.

विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी एक छोटं विंडोज सुरू होतं, ते म्हणजे रिकव्हरी. तिचा कमांड प्रॉम्प्ट उघडलात तर तिथली अक्षरं वेगळी असू शकतात, कारण ती त्या छोट्या विंडोजची स्वतःची वही. सुरुवात ‘एक्स’ने होते, तो मेमरीत तयार केलेला तात्पुरता ड्राइव्ह. तुमचा ‘सी’ तिथे ‘डी’ म्हणून दिसू शकतो. ड्राइव्हमधली यादी दाखवणारा ‘डीआयआर’ आदेश देऊन आत ‘विंडोज’, ‘युजर्स’ फोल्डर आहेत का ते पाहा, त्याआधी दुसरा कुठलाही आदेश चालवू नका.

हे सगळं टाळायचं असेल तर फॉरमॅट मारण्याआधी दोन मिनिटं द्या. प्रत्येक पार्टिशनला ठळक नाव द्या : ‘हिशोब’, ‘फोटो’, ‘बॅकअप’. अक्षरासारखं हे नाव रजिस्ट्रीत नसतं, ते पार्टिशनवरच लिहिलं जातं, त्यामुळे नव्या विंडोजमध्येही तसंच दिसतं. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कला ‘पी’ किंवा ‘क्यू’सारखं दूरचं अक्षर द्या. स्वतःहून देताना विंडोज सहसा पहिलं मोकळं अक्षर उचलतं, म्हणून आज ‘ई’वर आलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लागला तर ‘एफ’वर जाऊ शकते, आणि रात्रीचा बॅकअप ‘ई’ शोधत बसतो.