सिनेमा पाहून झाला, आता चार ओळी लिहायच्या कशा

‘कथा छान, अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर, दुसरा भाग थोडा संथ, एकदा बघायला हरकत नाही.’ ही ओळ कुठल्याही सिनेमाखाली जशीच्या तशी चालते. वाचणाऱ्याला मात्र त्यातून काहीच मिळत नाही. तिकिटाचे पैसे आणि अडीच तास या सिनेमावर घालवावेत का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्याची आवड तुमच्यासारखी असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक मताला सिनेमातलं एक दृश्य जोडायचं. दृश्य समोर असलं की तुमच्याशी न पटणाऱ्या वाचकालाही तुमचं लिहिणं उपयोगी पडतं. बाकीच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीसाठी आहेत.

बघण्याआधी

सिनेमावर लिहायचं ठरवलं असेल तर त्याच्याबद्दलची इतरांची मतं आधी वाचू नका. वाचलेली वाक्यं डोक्यात राहतात आणि लिहिताना आपलीच वाटू लागतात. ट्रेलर टाळता आला तर उत्तम, कारण बऱ्याच ट्रेलरमध्ये उत्तरार्धातली दृश्यंही असतात.

थिएटरात पडदा उजळला की सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्यावरची दोन माहिती लक्षात ठेवा, अवधी आणि वर्गवारी. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) तीन भाग झाले आहेत, 7+, 13+ आणि 16+. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. तुमच्या नोंदीत वर्गवारीच्या पुढे एक अर्धं वाक्य असावं, उदाहरणार्थ ‘शिव्या भरपूर, रक्त नाही’ किंवा ‘मुलं दचकतील अशी दोन दृश्यं’. नुसत्या ‘13+’ वरून आईबापांना काही ठरवता येत नाही.

घरी बघत असाल तर आधी टीव्ही नीट लावा, नाहीतर टीव्हीचे दोष सिनेमाच्या माथी मारले जातात. सिनेमा बहुधा सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेमनी) चित्रित होतो. बहुतेक नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतात आणि मग कोट्यवधींचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. एलजीमध्ये या सोयीचं नाव ‘ट्रूमोशन’ आहे, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’. ती बंद करा. चित्राचा प्रकार ‘व्हिविड’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. ‘व्हिविड’वर बघून रंगांबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य चुकीचं ठरू शकतं. ‘संवाद ऐकूच येत नाहीत, संगीत मात्र कानठळ्या बसवतं’ ही तक्रारही पुष्कळदा 5.1 ध्वनी (सहा स्पीकरसाठी केलेला) टीव्हीच्या दोन स्पीकरवर ऐकल्यामुळे होते. ऑडिओच्या पर्यायांत साधा स्टिरिओ निवडून तेच दृश्य पुन्हा ऐका. तरीही संवाद कळले नाहीत, तरच लिहा.

तमिळ, तेलुगू, मल्याळम सिनेमा हिंदी डबिंगमध्ये पाहिला असेल तर तसं स्पष्ट नोंदवा आणि नटाच्या आवाजाबद्दल, शब्दफेकीबद्दल मत देऊ नका. तो आवाज बहुधा त्याचा नसतोच.

बघताना आणि बघून झाल्यावर

थिएटरात मोबाइल काढायचा नाही. मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत तो उजेड जातो, आणि लिहिणाऱ्याचं लक्षही पडद्यावरून उडतं. मध्यंतरात मात्र दोन मिनिटं बाजूला काढा आणि दोनच गोष्टी टिपा: आतापर्यंत डोळ्यांसमोर राहिलेलं एक दृश्य, आणि पुढे काय होईल असं वाटतं ते. ही दुसरी नोंद फार मोलाची आहे. सिनेमा संपल्यावर सगळं आधीपासूनच ओळखता आल्यासारखं वाटतं. मध्यंतरातली नोंद हातात असली की ‘पटकथा ओळखता येण्यासारखी आहे’ हे खरंच होतं का, हे तपासता येतं. ओटीटीवर बघताना वेळ टिपा, ‘47 मिनिटे, विहिरीचं दृश्य’ एवढंच. नंतर शब्द किंवा संवाद पडताळायला तिथे थेट जाता येतं.

श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत बसा. संकलक, छायाचित्रकार, ध्वनी आरेखक, संवादलेखक यांची नावं तिथेच मिळतात, आणि मराठी सिनेमात बहुधा देवनागरीत, म्हणजे शुद्धलेखनाचाही प्रश्न मिटतो.

घरी पोहोचल्यावर, शक्यतो त्याच रात्री, कच्ची नोंद करा. पूर्ण वाक्यं नकोत. आठवलेली तीन दृश्यं, एक आवाज, एक संवाद जसाच्या तसा, जिथे कंटाळा आला ती जागा, आणि जिथे घड्याळाकडे बघायचंच विसरलात ती जागा. दुसऱ्या दिवशी चर्चा ऐकल्यावर या नोंदी करायला बसलात तर अर्ध्या गोष्टी इतरांच्या निघतील.

कच्च्या नोंदीपासून मतापर्यंत

समजा, नोंद अशी आहे: ‘बाप शेत विकून येतो. कोणी बोलत नाही. आई ताटं वाढते, एक जास्त. पंखा. नंतर वकील पुन्हा पुन्हा.’

त्यावरून चार वाक्यं अशी होतील: ‘शेत विकल्याचं घरात कोणी बोलून दाखवत नाही. जेवणाच्या वेळी आई सवयीने सालगड्याचंही ताट वाढते आणि मग उचलून ठेवते. तिथे संगीत नाही, फक्त पंख्याचा आवाज आहे, आणि सिनेमा इथे सर्वांत उंच जातो. उत्तरार्धात हेच दुःख वकिलाच्या तोंडून तीनदा सांगितलं जातं आणि दर वेळी थोडं पातळ होतं.’

यात ‘अप्रतिम’ नाही, ‘रटाळ’ नाही. तरी काय आवडलं, काय खटकलं आणि का, हे सगळं आलं. ज्याला शांत सिनेमा आवडतो तो याच चार ओळींवरून जाईल, आणि ज्याला कोर्टातली भाषणं आवडतात तोही जाईल.

कथा किती सांगायची? दोन तासांच्या सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात जे कळतं तेवढीच, तीन वाक्यांत. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हेही सांगू नका. धक्क्याची वाट बघत बसलेला प्रेक्षक समोरचं बघत नाही. पाहुण्या कलाकाराचं नावही तसंच. शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय मत पूर्ण होत नसेल तर तो भाग वेगळा ठेवा आणि इशारा अगदी पहिल्या ओळीत द्या. मोबाइलवर संदेशाच्या पहिल्या ओळी सूचनेतच दिसतात, त्यामुळे तिसऱ्या ओळीतला इशारा उशिराचा ठरतो.

कोणाचं श्रेय, कोणाचा दोष

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा तपशिलात.

‘छायाचित्रण सुंदर’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा, सुंदर काय होतं? पावसातलं कोकण कोणीही टिपलं तरी सुंदर दिसतं. ते कौतुक कोकणाचं. छायाचित्रणाचं कौतुक करायचं तर कॅमेरा कुठे ठेवला, किती जवळ नेला, उजेड कुठून आला, माणूस चौकटीच्या कडेला का ढकलला, यातलं एक तरी सांगता आलं पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर असतो, आणि दृश्यातलं मुख्य काम संपल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबतो. न्यायालयातलं ताटकळणं त्यामुळे प्रेक्षकाच्या अंगावर येतं. मत म्हणतात ते याला, मग ते थांबणं कोणाला आवडो वा न आवडो.

‘संथ’ हा शब्द तर तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरला जातो. पहिलं, दृश्य लवकर सुरू होतं आणि उशिरा संपतं: माणूस गाडीतून उतरतो, फाटक उघडतो, जिना चढतो, आणि मग कुठे संभाषण सुरू होतं. हा संकलनाचा प्रश्न आहे. दुसरं, दृश्य आखूड असूनही त्यात नवीन काही कळत नाही. हा पटकथेचा दोष, संकलकाला तिथे फार काही करता येत नाही. तिसरं, दिग्दर्शकाने मुद्दाम वेळ दिलेला असतो. ओळखायचं कसं? त्या लांबलेल्या वेळात तुमचे डोळे चौकटीत काही शोधत होते का, ते आठवा. शोधत असतील तर तो संथपणा कामाचा होता. नोंदीत यांपैकी कोणतं दुखणं आहे ते लिहा, ‘संथ’ शब्द नसला तरी चालेल.

पटकथा आणि संवाद यांची गल्लत नेहमीची. टाळ्या घेणारी वाक्यं म्हणजे संवाद. कोणती घटना कशानंतर यावी, काय लपवावं, कोणाला काय कधी कळावं, ही पटकथा. चुरचुरीत संवाद असूनही पटकथा विस्कळीत असू शकते.

आवाजाबद्दल फारच कमी लिहिलं जातं, खरं तर तिथे सामान्य प्रेक्षकालाही खूप काही पकडता येतं. माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला उभा असून त्याचा आवाज कानाशी बोलल्यासारखा येत असेल, तर संवाद नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेत आणि अंतराचा हिशेब नीट ठेवलेला नाही. स्वयंपाकघरातला आवाज आणि पडवीतला आवाज सारखाच घुमत असेल तर तोच दोष. पार्श्वसंगीत तपासायला सोपी युक्ती: एखाद्या दृश्यात अर्धा मिनिट डोळे मिटा. इथे रडा, इथे घाबरा असं संगीतच सांगत असेल तर अभिनयाला काम उरलेलं नाही. आवाज काढून घेणंही एक निर्णय असतो. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी दुमदुमलेल्या ‘सैराट’मध्ये अगदी शेवटी जी शांतता येते, तिची ताकद आधीच्या त्या सगळ्या संगीतामुळे वाढते.

अभिनय बघायचा तर बोलणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त बघा. दोघांच्या दृश्यात गप्प असलेला नट समोरचं पहिल्यांदा ऐकतोय असं वाटतं का, की आपलं वाक्य यायची वाट बघतोय? ‘ओव्हरअ‍ॅक्टिंग’ लिहायचं असेल तर एक जागा दाखवा. आणि बोली! कुडाळचं पात्र एका दृश्यात ‘माका’ म्हणतं आणि पुढच्यात ‘मला’, वऱ्हाडातला बाप ‘मले’ सोडून मध्येच पुस्तकी बोलतो, हे त्या भागातल्या वाचकाला लगेच कळतं. तुम्ही त्या भागातले असाल तर हे आवर्जून लिहा, तुमच्याइतकं नेमकं इतर कोणी लिहू शकत नाही. नसाल तर ‘अस्सल बोली’ असं प्रमाणपत्र देऊ नका.

तारे द्यायचे तर

पाचपैकी किती, हे देणं सक्तीचं नाही. द्यायचेच असतील तर आधी आपली मोजपट्टी शब्दांत लिहून ठेवा. एक साधी मोजपट्टी: 5 म्हणजे पुन्हा पैसे देऊन बघेन, 4 म्हणजे मित्राला फोन करून सांगेन, 3 म्हणजे घरी बघायला चांगला, 2 म्हणजे एखादं दृश्य सोडून काही उरलं नाही, 1 म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं. मोजपट्टी नसली की हळूहळू सगळेच सिनेमे साडेतीनवर येऊन बसतात. थिएटरातून बाहेर पडताना दिलेला आकडा पेन्सिलने लिहा आणि सात दिवसांनी पुन्हा बघा. गर्दीच्या शिट्ट्यांनी चढलेला अर्धा तारा तोवर उतरलेला असतो. उलटही होतं, एखादा सिनेमा आठवडाभर डोक्यात घोळत राहतो. आकडा बदलला तर दोन्ही ठेवा, तारखेसह.

तिकीटबारीची कमाई मताचा आधार म्हणून वापरू नका. किती जणांनी पाहिला एवढंच त्यातून कळतं.

महिन्याभरातले सिनेमे एकत्र लिहिताना

एका वेळी चार-पाच पुरे, प्रत्येकी 60 ते 80 शब्द. ज्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचं आहे तो आधी, मग तो सर्वांत आवडलेला असो किंवा नसो. एखाद्याला दोनशे शब्द लागले आणि दुसऱ्याला एकच ओळ पुरली तरी तसंच ठेवा, समान वाटणी करायला जाऊ नका. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ हवी: नाव, वर्ष, दिग्दर्शक, भाषा, अवधी, कुठे पाहिला. वर्ष वगळू नका. ‘श्यामची आई’ म्हटलं की एकाला आचार्य अत्र्यांचा 1953 चा सिनेमा आठवेल आणि दुसऱ्याला सुजय डहाके यांचा 2023 चा, आणि दोन्ही कृष्णधवल असल्यामुळे वर्णनावरूनही उलगडा होणार नाही.

वहीत लिहा किंवा मोबाइलच्या तक्त्यात, सहा रकाने पुरतात: तारीख, ती डोक्यावरची ओळ, आठवलेलं दृश्य, खटकलेली जागा, तारे, सात दिवसांनंतरचे तारे. बोलून मराठी टंकत असाल तर पाठवण्याआधी नावं एकदा डोळ्यांखालून घाला, आडनावांची तिथे हमखास मोडतोड होते. मग ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘सुंदर’, ‘बोअर’ हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या पुढच्या किंवा मागच्या वाक्यात दृश्य आहे का बघा. असेल तर शब्द राहू दे. नसेल तर कच्च्या नोंदीकडे परत जा. तिथेही दृश्य नसेल तर ते मत खोडून टाका.